वजा तीन, भिंतीपलीकडे

भोपाळपासून वेगळं राज्य होऊन दुसरं वर्ष, ऑगस्टातला रविवार. हजर: मी, नववीतली मुलगी, खाटेवर सासूबाई, दारात पेपर घेऊन नवरा. जागा: चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराची मागची खोली.

पुढच्या दोन खोल्यांत नवऱ्याचे साहेब सहकुटुंब राहत होते. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यावर बदली होऊन भोपाळहून आले, क्वार्टर मिळेपर्यंत दोन महिन्यांसाठी म्हणून. अकरावा महिना चालू होता. त्यांना कधी जाता असं विचारायचं नाही, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मुलीचं टेबलही तिकडेच राहिलं होतं.

म्हणून मी आलेख जमिनीवर शिकवला. फूटभर चौकोनी फरशा, आयता आलेख. साहेबांच्या भिंतीचा आणि अंगणाच्या भिंतीचा कोपरा म्हणजे शून्य. मी "चार, तीन" म्हटलं की ती चार फरशा उजवीकडे, तीन पुढे जायची. तिथे खाटेचा पाय होता. कोपऱ्यापासून टेप लावली तर बरोबर पाच फूट. सूत्रानेही पाचच आले. मीही तेव्हाच शिकले.

चाचणीत ती नापास झाली. वजाचे सगळे बिंदू तिने अधिकच्या बाजूला मांडले होते. कोपऱ्यातल्या शून्याच्या मागे भिंतच होती, वजा दिसणार कुठून? चूक माझी होती. नवऱ्याने एकदाच सांगितलं, मंगळवारच्या फेरचाचणीत पास झाली नाही तर नागपूरला मामाकडे राहून शिकेल, इथे तिला बसायलाही जागा नाही. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

तर त्या रविवारी मी शून्य खोलीच्या मधोमध न्यायचं ठरवलं. तिथे खाट होती, वर घरातला आमच्या वाट्याचा एकमेव पंखा.

"आजी, बस दो फुट," मुलगी म्हणाली.

"दोन महिने म्हणता म्हणता दोन खोल्या गेल्या," सासूबाई म्हणाल्या. "आता मी काहून हलू?"

नवऱ्याने पेपरचं पान उलटलं.

मी खडू घेऊन तशीच उभी होते. भिंतीपलीकडे साहेबांचा टीव्ही चालू होता. मुलीने कोपऱ्यापासून भिंतीकडे बोट नेत फरशा मोजल्या. मग हळूच म्हणाली, "मम्मी, माइनस तीन तो उनके सोफे के नीचे है।"

फरशी तिकडेही तीच, एकाच मिस्त्रीने घातलेली. पुढचं तिने जागेवरून न उठता सांगितलं. वजा तीन, दोन: सोफा. दोन, वजा तीन: आपल्या अंगणातला नळ. दोन्ही वजा: साहेबांच्या बायकोची तुळस. मी वहीत खुणा करत गेले. एकही चुकली नाही. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आपलं सगळं वजातच गेलं का?"

मंगळवारी ती पास झाली. नागपूर रद्द.

त्या रविवारची यादी माझ्याकडे आहे. खडू आणणे, झालं. टेप परत करणे, झालं. फेरचाचणी, झालं. चौथी ओळ त्याच दिवशी, टीव्ही ऐकत लिहिली होती: साहेबांना खोल्यांचं विचारणे. तिच्यापुढे खूण नाही.