गुंडू शिंप्याचा धावदोरा

गुंडू शिंप्यानं शिवलेलं झंपर दुसऱ्या धुण्यात उसवतं, हे निपाणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तरी माझी झंपरं त्याच्याचकडं टाकते आणि घरी आणून पुन्हा शिवते.

पूर्वी त्याचा टाका दातानं तोडू गेलं तर दात हलायचा. अडतीस साली मैदानात सिनेमाचा तंबू आला. बायकांच्या बाजूच्या कनातीत फटी होत्या आणि त्यांतून टवाळ पोरं डोकावायची. मी राजमती, तंबाखूवाल्यांच्या घरची थोरली सून. माझं सांगणं म्हणजे हुकूम. दुसऱ्याच दिवशी गुंडूला गाठलं.

“पार जमिनीपतुर शिवून टाक. मुंगीबी शिराय नगं.”

“दुहेरी टाका घालतो, आक्का.”

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या खेळाला सिनेमाच्या यंत्रानं पेट घेतला. बायकांची वाट नेमकी यंत्राशेजारून होती. पुरुष आपल्या बाजूची कनात उचलून बाहेर पडले. आमची हलेना. काम चोख होतं. गुंडू बाहेरून कात्री घेऊन धावला, पण स्वतःचाच टाका त्याला लवकर कापेना. भोक पडल्यावर पहिली मी निघाले. माझी धाकटी जाऊ कमला हिचा हात माझ्या हातात होता. मग वरचं कापड जळत खाली आलं, माझा दंड भाजला आणि हात सुटला. नऊ बायका गेल्या, त्यांत कमलाही.

चावडीवर फौजदारानं गुंडूला विचारलं, “कनात शिवायला कुणी सांगितलं?” मी चार हातांवर उभी होते. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“कुणी न्हाय, सायेब. माज्याच मनानं शिवली.”

तो वर्षभर तुरुंगात राहिला. जावेसाठी जीव धोक्यात घातला म्हणून घरात माझं कौतुक झालं. मी ते होऊ दिलं.

सुटून आल्यापासून गुंडू सगळं धावदोऱ्यानं जोडतो. बायका तोंडावर शिव्या घालतात. तो म्हणतो, “वडलं की सुटाय पायजे.” मला त्याच्यासमोर लाज वाटते, आणि लाजेपेक्षा त्याचा रागच जास्त येतो. आठ वर्षं झाली तरी माणूस त्या दिवसाबद्दल एका शब्दानं बोलत नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात कुणी नव्हतं. मीच म्हटलं, “गुंडू, माझं नाव फौजदाराला सांगाय पायजे हुतंस.”

त्यानं सुईत दोरा ओवला.

“तुमी हुतासा की तितंच, आक्का.”

मग माझं जुनं झंपर मापाला उलगडत म्हणाला, “बाही कोपरापतुरच ठिवू न्हवं?”

मी व्हय म्हटलं.