दाजीकाकांचा एक प्रश्न

दाजीकाका कुठल्याही यंत्रावर आधी तळहात ठेवायचे. पिठाची गिरण असो, नाहीतर स्टँडवर घरघरत उभी असलेली सावंतवाडीची एसटी असो, हात ठेवून ते डोळे मिटत आणि मग काय बिघडलंय ते सांगत. तीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. निवृत्त होऊन मालवणात आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून वाडीतली शिलाई मशिनं आणि रॉकेलचे स्टोव्ह त्यांच्याच ओट्यावर यायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "वायच धीर धर. खंय दुखता ता मशीन आपणच सांगता."

मुंबईत कॅन्सरवर संशोधन करायला मी गेले, त्याचा अभिमान माझ्या आईवडिलांपेक्षा त्यांनाच जास्त. मी सुट्टीला घरी आले की कुंपणापलीकडून हाक यायची, "इलस गो चेडवा? ये, सांग, तुझ्यो पेशी काय म्हणतत?"

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती ती. पेशीच्या आत किती कॅल्शियम आहे, ते चमकणाऱ्या रंगाने मोजायची पद्धत नुकतीच आमच्या प्रयोगशाळेत आली होती. मी त्यांना समजावून सांगितलं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर, आत जवळजवळ नाहीच; पेशी ते सारखं बाहेर टाकत असते. एखादं दार क्षणभर उघडून थोडं आत शिरलं, की पेशीला निरोप मिळतो, वाढ, एकीच्या दोन हो. कॅन्सरच्या पेशीत या निरोपांचा गोंधळ उडालेला असतो. ती दारं औषधाने बंद केली तर तिची वाढ थांबेल का, हे आम्ही शोधत होतो.

 काका म्हणाले, "म्हणजे बोटच गो ती! भायर दर्या आणि भितर पंप चालूच. पंप थकलो, झडप गळाक लागली, की संपला."

मी हसले. इतकं नेमकं तर आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात दाजीकाकांची कंबर धरली. तपासण्या झाल्या आणि हाडांच्या मगजाचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मे महिन्यात मी घरी गेले, तेव्हा काका ओटीवर उशांना टेकून बसले होते, अर्धे झालेले. मी तासभर बसले असेन. तेवढ्यात काकूंनी त्यांच्यासाठी तीनदा तांब्या भरून आणला. मध्येच काकांनी मला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पोट साफ होत नाही, अन्न नकोसं झालंय, असं काकू सांगत होत्या. "उन्हाळा आहे काकू," मी म्हटलं, "पाणी पितायत ते चांगलंच आहे."

मग काकूंनी एक बाटली पुढे केली. भाच्याने आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. "हाडांका बरे म्हणता तो. दिव मां गो?"

"द्या की," मी म्हटलं.

काका बाटलीकडे बघत राहिले. बोलायला त्यांना शब्द जुळवावे लागत होते. "सुलू, माझी हाडां झिजतत ना? मगे त्येंच्यातला कॅल्शियम खंय जाता? रगतातच ना? बोटीत पाणी शिरताहा आणि तू वरसून बादली ओतूक सांगतंस?"

"काका, पेशीतलं कॅल्शियम वेगळं आणि हे वेगळं," मी म्हटलं. वर हसून मीच म्हणाले, "ते राहू द्या डॉक्टरांवर." काकांनी मान हलवली आणि गोळी घेतली.

जूनमध्ये मला विभागात माझ्या कामाबद्दल बोलायचं होतं. सुरुवातच मी अशी केली, पेशी म्हणजे समुद्रातली बोट. सगळे खूश. चहाच्या वेळी सरांनी विचारलं, "उपमा छान आहे. तुझीच का?"

मी म्हटलं, "हो सर."

त्यानंतर आठवड्याने बाबांचं पत्र आलं. दाजीकाका माणसं ओळखेनासे झाले होते, त्यांना गोव्याच्या इस्पितळात नेलं होतं. तिथे एका तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, दिवसाला किती पाणी पितात? मग रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते भलतंच वाढलेलं होतं. हाडांतून सुटून सगळं रक्तात उतरलं होतं. तहान, विसरभोळेपणा, पोट, सगळं त्यामुळेच. कॅल्शियमच्या गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं. पत्र मी हातात धरून बसले. कॅल्शियम हा माझा विषय होता. रक्तात ते वाढलं की काय होतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

मी गोव्याला पोचले तेव्हा काका शुद्धीवर आले होते. वॉर्डात शिरताच काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "तुझे उपकार गो बाय! ह्यांनी सांगल्यानी माका, सुलूनच रगात बघूक सांगितला म्हणान."

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

काकू चहा आणायला गेल्यावर मी विचारलं, "काका, असं का सांगितलंत?"

"मगे काय सांगू?" आवाज अगदी बारीक झाला होता. "ह्येच्या फुडे तिका सगळा तुकाच इचारूचा लागतला. मुंबयत आमचा आणखी कोण आसा? तुझ्यावरचो इस्वास गेलो तर ती खंय जायत?" मग म्हणाले, "आता नीट बघून सांग म्हंजे झाला."

मला रडता आलं नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

दाजीकाका आणखी चार महिने जगले आणि दसऱ्यानंतर गेले. काकू त्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या. आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायच्या, "ह्या आमच्या सुलून चार म्हयने दिल्यान आमका." लग्नकार्यात सांगायच्या, देवळात सांगायच्या. एकदा माझे विद्यार्थी मालवण बघायला आले होते, त्यांच्यासमोरही सांगितलं. खरं काय ते मी कधीच बोलले नाही. दर वेळी मान खाली घालायचे, आणि लोकांना वाटायचं, किती विनयशील बाई.