भिजवलेल्या मनुक्यांचं पाणी

आमच्या ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट येणार असला की सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. गॅलरी, स्वयंपाकघर, पुन्हा गॅलरी. हे पेपरामागून म्हणतात, "अगं, फरशी झिजेल." झिजू दे. चार वर्षांपूर्वी मी जे करून बसले, त्यानंतर मला बसणं जमत नाही.

तेव्हा गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीचे दोन मजले चढताना हे मध्येच थांबायचे. चेहरा पांढराफटक. किडनीचं दुखणं जुनंच, त्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी झालंय, तपासण्या करून औषध ठरवू, तोवर पथ्याचा हा कागद पाळा. तेव्हाच्या माझ्या अंगात हुशारी मावत नव्हती. कागद न वाचताच फ्रिजवर चिकटवला. घरातल्या तीन बाळंतिणींचं रक्त वाढवलेली बाई मी, मला कागद कशाला?

दिंडोरीला भावाची द्राक्षबाग आहे. काढणीनंतर उरलेले घड वहिनी गच्चीवर वाळवते आणि मनुक्यांचा डबा आम्हाला धाडते. मूठभर मनुके रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून पाण्यासकट द्यायचे. जोडीला बीट, डाळिंब, खजूर. हे कुरकुरले, "डॉक्टरांना विचार तरी."

"मनुक्यांचं काय विचारायचं? प्या मुकाट्यानं."

फरक दिसेना, तेव्हा ह्या हुशार बाईनं मूठभर मनुक्यांचे वाटीभर केले.

एका सकाळी ह्यांचे पाय जड झाले, खुर्चीतून उठवेना. दवाखान्यात रक्त तपासलं आणि लगेच दाखल करून घेतलं. "आजी, काय काय खायला घातलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ऐटीत यादी सांगू लागले. खजुरापर्यंत आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ह्या सगळ्यात पोटॅशियम भरपूर. त्यांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. इतकं वाढलंय की हृदय बंद पडू शकतं. आणि रक्त मनुक्यांनी वाढणारच नव्हतं. रक्त बनवायचा निरोप किडनी धाडते. तो निरोपच कमी पडतोय, तो इंजेक्शननं द्यावा लागेल."

दोन दिवस मी मशीनच्या पडद्यावरची ह्यांच्या ठोक्यांची हिरवी रेघ बघत येरझारा घातल्या. हुशार बाई कुठे पळाली कोण जाणे, नर्सला सारखं "रेघ बरोबर आहे ना?" विचारणारी एक म्हातारी तेवढी उरली होती. जरा बरं वाटल्यावर हे म्हणाले, "मनुके मात्र गोड होते हं." मला रडू आलं आणि रागही.

आता इंजेक्शनं चालू आहेत. कागद मला तोंडपाठ आहे. डबा वरच्या फळीवर असतो, मी उभ्यानं दोन मनुके तोंडात टाकते.

"काय चघळतेस?"

"बडीशेप."

ह्यांना माहीत असतं.

आज दुपारी रिपोर्ट आला. पोटॅशियम ठीक, रक्त थोडं वर. हे चपला घालून म्हणाले, "चल, खाली चक्कर मारू." परतताना हे पुढे, मी मागे, डोळे ह्यांच्या पाठीवर. पहिल्या मजल्यावर हे कठडा धरून थांबले.

"दमलात?"

"छे. तुझी वाट बघतोय."

खरं की खोटं, ते वर पोचेपर्यंत मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.