विसावी गोळी

रंगमंचाच्या पडद्यासारखं शटर वर गेलं. दोह्यातल्या नेमबाजी क्लबाची मागची खोली, टेबलावर दिव्याचा झोत आणि मधोमध रत्नागिरीचे नसरुद्दीनचाचा. वाऱ्याने वजनाचा काटा हलतो म्हणून भर उन्हाळ्यात त्यांनी एसी बंद केलेला. क्लबाची नेमबाज अफशां उद्या अंतिम फेरीत उतरणार होती. तिच्या काडतुसांत भरायला तंतोतंत सारख्या वीस गोळ्या हव्या होत्या. शंभरांतून एकोणीसच निघाल्या.

नवा मॅनेजर स्वानंद घाम पुसत, बाजूला काढलेली एक गोळी उचलून म्हणाला, "चाचा, हिचंही वजन तेवढंच आहे की!"

चाचांनी लांबी मोजायला तिला कॅलिपर लावला. फरक केसाच्या जाडीहून कमी, पण लांबी जास्तच.

"घाला हो, कुणाला कळणार?"

चाचांनी शांतपणे नवा खोका फोडला. 

चाचा म्हणाले, "नेम चुकला तर पोरगी गोळीला नाही, स्वतःच्या हाताला दोष देईल."