लीला टीचरांचा शुक्रवार

धारगळच्या बाजारात पाव घेताना शाळेच्या शिपायाने सांगितलं, "लीला टीचर गेल्या. झोपेतच." पाववाला पिशवी पुढे करून उभा होता आणि मला हात पुढे करायचं सुचेना...

त्या डिचोलीच्या. आमच्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. मी तिथली प्रयोगशाळा झाडते, पुसते. सकाळचं ऊन बेडूक-मासे ठेवलेल्या बरण्यांवर पडलं की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी हिरवट दिसायची. त्या उजेडात टीचर हळू चालायच्या, जणू बरण्यांतलं कुणी जागं होईल.

दर शुक्रवारी त्या सराव घ्यायच्या. एकाच्या डोळ्यांत प्रयोगाचं औषध गेलं असं धरायचं आणि बाकीच्यांनी त्याला नळाखाली धरून डोळे धुवायचे. मुलं हसायची. "हसा रे, पण हात चालू देत," टीचर म्हणायच्या. मलाही बोलवायच्या, "ये गो सुनंदा, आज तुझी पाळी." मुलांसमोर उभं राहायची मला लाज वाटायची. मी केरसुणी घेऊन बाहेर पळायचे.

एकदा बेडकाच्या बरणीचं झाकण उघडताना आतलं फॉर्मलिन, मेलेले प्राणी टिकवायचं औषध, त्यांच्याच डोळ्यांत उडालं. मुलांना चष्मा लावायला सांगून स्वतःचा कपाळावर ठेवला होता त्यांनी. त्या ओरडल्या. मुलांना वाटलं, सरावच.

"टीचर, आज तुमचीच पाळी मगो?"

"ॲक्टिंग बरी करतात हां."

थट्टा चालली होती, पण हात शिकवल्यासारखेच चालले होते. एकाने मान धरली, एकीने पापण्या उघडल्या, नळ सोडला. बऱ्याच वेळाने टीचर पाण्याखालूनच म्हणाल्या, "आता गाडी बोलवा रे. हे खरं आहे." एक मुलगा ऑफिसकडे धावला... डोळे वाचले त्यांचे.

त्या गेल्यावर नवे सर आले. पोर्शन मागे पडलाय, सराव पुढे बघू, म्हणाले. शुक्रवार तसेच जाऊ लागले. मुलांचे हात विसरतील, या विचाराने मला जेवण जाईना.

परवा शुक्रवारी मुलं आली होती, सर अजून यायचे होते. मी टेबलांमध्ये जाऊन उभी राहिले. केरसुणी खाली ठेवली. मग म्हटलं, "माझ्या डोळ्यांत गेलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग स्टुलं सरकली. गार पाणी तोंडावर आलं आणि एक मुलगी कानाशी म्हणाली, "मावशी, मिटू नका हां. उघडे ठेवा."

मी उघडे ठेवले. पाण्यातून खिडकी हलत होती, बरण्या हलत होत्या आणि माझ्या मानेवर कितीतरी हात होते.