एकाला एकच तिकीट

"घरी शाळंत किती हायेत?"

तिकीट मागणाऱ्याला मामा आधी हे विचारायचे. दोन, तीन असं उत्तर आलं की दोरीवरचा चिमटा काढून एकच तिकीट हातावर ठेवायचे. "बास. बाकीच्या पैशाच्या वह्या घ्या." बसस्थानकाबाहेर लॉटरी विकणारा माणूस गिऱ्हाइकाला असं परत पाठवतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ह्या माणसाचं काही खरं नाही. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

मामा पाचोडकडचे. घरची मेंढरं गेली, मग शहरात आले. थोरल्या लेकीला चौथीतून काढावं लागलं होतं. एवढं सांगायचे आणि उगीच चिमटे नीट करत बसायचे.

मी जवळच्याच शाळेत शिकवते. सहावीच्या मुलींच्या वर्गाचे पत्रे गळत होते आणि अर्ज करून करून मी थकले होते. शेवटी डोकं चालवलं. शाळेचीच सोडत काढायची, बक्षीस सायकल. तिकिटांची पुस्तकं छापून मोठ्या तोऱ्यात मामांकडे गेले.

"कोण घेणार ही?"

"पालक."

"म्हंजी ज्याच्या लेकराच्या डोक्यावर गळतंय, त्यानंच पत्रं घालायचं. अन् बंगल्यावाल्यानं काय करायचं?"

मला रागच आला. "मामा, तुम्ही लॉटरी विकता आणि मला शिकवता? हे चांगल्या कामासाठी आहे."

"व्हय की. पर माझ्याकडं माणूस हौसेनं येतो. तुमच्याकडं भिऊन येईल."

मी कसली ऐकते! तिसऱ्याच दिवशी बांधकामावर जाणारी एक आई सहा तिकिटं घेऊन गेली. जाता जाता हळूच म्हणाली, "बाई, आता पोरीला नापास नाय ना करणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे पैसे परत केले आणि मान खाली घालून मामांकडे गेले. "मी म्हणलं नव्हतं का" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. टेबल मिटलं, पुस्तकं पिशवीत घातली. आठ दिवस आम्ही दोघं शाळा सुटल्यावर बंगले आणि मोठी दुकानं फिरलो. दारात उभं राहून मामांचा तोच प्रश्न, "घरी शाळंत किती हायेत?"

"कुणीच नाही आता."

"मग दहा घ्या."

मला अजून हसू येतं. शेवटचं तिकीट त्यांनी स्वतः घेतलं, जन्मातलं पहिलं. पुस्तकात राहणाऱ्या अर्ध्या भागावर त्यांचं नाव मीच लिहिलं.

सोडतीच्या दिवशी एका मुलीनं डब्यातून चिठ्ठी काढली. मी नंबर वाचला, पुस्तक उघडलं, तर मामांचं नाव. वर पाहिलं. मामा मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या ह्या बाईनं सगळ्या शाळेसमोर धडधडीत खोटं सांगितलं, "ज्यांचं तिकीट लागलं ते आलेले नाहीत. सायकल शाळेतच राहील."

नंतर मी भांडले त्यांच्याशी. म्हणाले, "घरी नेली तर एकच पोरगी बसंल, बाई."

पत्रे झाले. ते असे दारोदार हिंडून करावे लागले, याचा राग मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. दहाव्याला मी पाचोडला गेले होते. मामी म्हणाल्या, "जन्मभर लोकाला तिकिटं दिली. ह्यांना मेलं कधी काय लागलं नाय."

"लागली होती, मामी. सायकल."

मी सगळं सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कोण बसतं तिच्यावर?"

"सहावीच्या मुली. पाळीपाळीनं."

"किती हायेत शाळंत?"

"एकेचाळीस," मी म्हटलं.