जीव घाबरा झाला की

संशोधक बाईंचं आयुष्य शाळकरी मुलांच्या मनाची दुखणी ऐकण्यात गेलं. एकदा त्यांनी आठवीतल्या एका अबोल मुलीला विचारलं, "जीव घाबरा झाला की कोणाला सांगतेस?"

"आज पहिल्यांदाच, तुम्हाला," ती म्हणाली.

बाईंनी अहवालात त्या शाळेसाठी समुपदेशक मागितला. शिक्षण खात्याच्या साहेबांनी भरल्या सभेत त्यावर टाळ्या वाजवल्या, पण माणूस काही नेमला नाही. बाईंनी उंबरठे झिजवले. सगळ्यांनी आज-उद्या करत वाटेला लावलं.

वर्षभराने बाई त्या मुलीच्या घरी गेल्या. तिने शाळा सोडली होती. भिंतीकडे तोंड करून पडली होती; हाक मारली तरी वळली नाही.

"तुमच्याशी बोलली होती ना?" आईने विचारलं. "मग पुढे काय केलंत?"

बाईंना मान वर करवेना. "काहीच झालं नाही हो, ताई."